धोंड्याच्या महिन्यातली जर्मन सॅक

३ मे, रविवार
सकाळी कॅम्प दोनचा जुना बाजार. घनूशेठच्या दुकानात नवा गठ्ठा फुटला होता. परदेशातले जुने कोट, बूट, बॅगा, सगळ्यांना एकच डांबरगोळीचा वास. माझं काम ठरलेलं. कोटांकडे बघायचं नाही, बॅगा उलट्या करून आतलं लेबल शोधायचं. एक लागली हाताला. हिरवट राखाडी कॅनव्हास, आत पुसट आकडे. आधी चार आकडे, मग १२. बारा आला की माल जर्मन सैन्याचा. पास.

घनूशेठ: "साईं, आपको पुराने में क्या मिलता है? पीछे कारखाने में नया बनवा दूँ, चेनवाला, जिंदगीभर चलेगा." दर वेळी हेच म्हणतो आणि दर वेळी पापड-पाणी देतो.

ही पण महायुद्धानंतरचीच. घरी माळ्यावर जमवलेल्या सगळ्याच युद्धानंतरच्या. एक तरी खरी युद्धातली, कातड्यावर कारखान्याचा शिक्का दाबलेली सॅक हातात यावी. मुलीचं लग्न झालं, बीपी काबूत आहे, नशिबाकडे मागायला एवढंच शिल्लक.

सु. म्हणाली, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात. निदान बाटल्या भंगारवाला तरी नेतो."

५ मे, मंगळवार
कंपनीत गॅस्केटची लॉट नापास केली. प्रॉडक्शनवाला दिवसभर तोंड फुगवून. मी काय करू? तीस वर्षं रबराच्या चकत्यांना हिरवं, लाल, पिवळं तिकीट लावतोय. हिरवं पास, लाल नापास, पिवळं म्हणजे होल्ड, निकाल नंतर. आता भाजी घेतानाही मनात तिकीट लागतं.

घरी येऊन माळा आवरला. मांजर्लीतलं आमचं घर तळमजल्याला, भिंतीवर मागच्या पुराची रेघ अजून आहे. सु. चा कायदा असा की पावसाळ्याआधी सगळं रेघेच्या वर. तांदूळ, कागदपत्रं, मिक्सर. आणि माळा माझ्या सॅकांनी भरलेला. "उद्या पाणी आलं तर तांदूळ पाठीवर घेऊन उभी राहू का मी?" बरोबर आहे तिचं. पण एकही काढवेना. स्विस सॅकसुद्धा ठेवली आहे. वर्षभर जर्मन म्हणून सगळ्यांना दाखवली आणि मग एक दिवस पट्ट्याखाली बारीकसा क्रॉस सापडला. तिला लाल तिकीट खरोखरचं लावलं आहे, दोऱ्याने. माझी जिरलेली लक्षात राहावी म्हणून.

१० मे, रविवार
आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं. 

सासुरवाडीला गेलो होतो, बारवी रोडच्या बाजूला. आंबे उतरवले होते म्हणून बोलावणं. तर तिथे कौलं चाळायचं काम चाललेलं. माळ्यावरचं सगळं सामान अंगणात. टोपल्या, इरली, जुना पाळणा, आणि पाळण्यात एक सॅक. आत कोयते आणि दोरखंड.

मी चप्पल घालायची विसरून उन्हात गेलो.

मोठी डोंगरी सॅक. कॅनव्हासचा रंग काय असेल कोण जाणे, काजळीने काळा पडलेला. पट्टे कातड्याचे, तडे गेलेले पण जिवंत. दोन पट्टे वर जिथे मिळतात तिथे तळहाताएवढं कातडं. शिक्का असतो तो तिथेच. पण त्यावर हळदीकुंकवाचा आणि तेलाचा हा जाड थर.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "आबांचा थैला तो. लढाईवरून आनलेला. दसऱ्याला कोयत्यांसंगती पुजतो आमी." आबा म्हणजे सासऱ्यांचे वडील. मोठ्या लढाईत लष्करी लॉरी चालवायचे, इटलीपर्यंत गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. थैल्याचं ठाऊक नव्हतं. असणार कसं? दसऱ्याला मी दर वर्षी कंपनीत मशीनची पूजा करत असतो.

"जर्मनचा थैला बोलायचे त्याला," सासूबाई म्हणाल्या. सु. लगेच, "आई, यांच्यासमोर तो शब्द काढू नको. पातेल्यांनापण लेबल शोधतील." ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही आमच्याकडे जर्मनचीच भांडी म्हणतात. हसले सगळे. मी नाही हसलो.

अंगठा फिरवला थरावरून. खाली खाचा लागल्या. अक्षरं आहेत. नक्की आहेत. नखाने थोडं खरवडलं तर... पण देवाचं कुंकू. हात मागे घेतला. एवढ्यात बाळाराम जेवायला बोलवायला आला. सु. चा धाकटा भाऊ, शेती तोच बघतो. मी बडबडत सुटलो होतो. बाळू, ही वस्तू म्हणजे सोनं आहे, असं काय काय.

परतताना रिक्षात सु. म्हणाली, "मागू नका हं. मागितलीत तर लगेच देतील, म्हणूनच मागू नका."

नाही मागणार. फक्त तो शिक्का एकदा वाचायचा आहे.

११ मे, सोमवार
झोप नीट नाही, पण मजेत आहे. इटलीत जर्मनांची डोंगरी पलटणं होती, म्हणजे जुळतं. पण इटालियन सैन्याचीही असू शकते. किंवा आपल्याच गोऱ्या साहेब लोकांची. गावाकडचे ज्याला जर्मन म्हणतील ते जर्मन, असं मानलं तर स्विस प्रकरण पुन्हा. शिक्क्याशिवाय तिकीट नाही. जर्मन शिक्क्यात कारखाना, गाव, साल असतं. लढाईच्या शेवटी शेवटी नाव जाऊन नुसता नंबर आला. त्या थराखाली यातलं एक काहीतरी असणार.

बेत: पुढच्या वेळी मलमलचं फडकं, कोमट तेल, बॅटरी. सासूबाईंची परवानगी काढून थर हळूच मऊ करायचा, वाचायचं, परत हळदकुंकू वाहायचं. सु. ला सांगितलं. ती म्हणाली, "देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला कधी एवढ्या मायेनं न्हाऊ घातलं नाहीत."

१७ मे, रविवार
आजपासून अधिक महिना. सासूबाईंचा फोन. पुढच्या रविवारी धोंडे खायला या. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, कशाला उगाच, देणंघेणं काही नको. दर अधिक महिन्यात सफारीचं कापड मिळतं, तीन तशीच पडून आहेत. सासूबाई म्हणाल्या, "या टायमाला कापड नाय. बाळू बोल्ला, दाजींच्या मनातला काय ते आमाला कळला."

फोन ठेवला आणि सु. कडे बघितलं. ती पोळ्या लाटत होती, मान वर केली नाही. पण हसत होती.

मी काही मागितलेलं नाही. लिहून ठेवतो, मी मागितलेलं नाही.

२१ मे, गुरुवार
कंपनीतून सुटल्यावर कॅम्प दोन. सहज. आनंद झाला की माणूस कुठेतरी जातो. घनूशेठ घाईत होता, मागच्या कारखान्यात मशीन चालू. म्हणाला, "जमाई का काम है, अर्जंट. अधिक महिना है ना तुम लोगों का. कोई पुराना थैला ले के आया, बोला एकदम नया कर दो, देने का है."

मला कौतुक वाटलं. म्हटलं, जावयाला द्यायचं आहे तर हात आखडू नका. चेन साधी नको, पितळेची मोठ्या दातांची टाका. आणि रेक्झिन काळं लावू नका, शुभकार्य आहे, निळं लावा. घनूशेठने आत हाक मारून कारागिराला तसं सांगितलं सुद्धा. वर मला पापड.

त्या जावयाची चैन आहे.

२४ मे, रविवार
कसं लिहू.

पाटाभोवती रांगोळी. सासूबाईंनी ओवाळलं. तेहतीस अनारसे, वर दिवा. मग बाळू आतून मोठा पुडा घेऊन आला, चमकीचा कागद. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद की कागद फाडताना माझेच हात घाईला आले.

निळं रेक्झिन. पितळेची चेन, मोठ्या दातांची.

क्षणभर कळेना. मग कॅनव्हास ओळखला. सोडा घालून धुतलेला, काजळी गेलेली, खालचा हिरवट रंग वर आलेला. बाकी सगळं नवं. पट्टे नवे, आत स्पंज. बाजूला पाण्याच्या बाटलीचा कप्पा. वरचं कातडं नाही. हळद नाही, कुंकू नाही, शिक्का नाही. जिथे होतं तिथे निळ्या रेक्झिनचा चौकोन, कडेने पांढरी शिलाई.

सगळे माझ्याकडे बघतायत.

"झकास," मी म्हणालो. पाठीवर घेतली. अंगणात एक फेरी मारली. सासूबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली.

बाळू: "तुमी सोना बोल्लात ना दाजी, तवाच ठरवला. पन जुना तसाच कसा द्याचा? जावयाला जुना देतात काय? लोक काय बोलतील. तुमी त्या कॅम्पातल्या शेठचा नाव सारखा घेता, म्हनून त्याच्याकडंच टाकला." मग आणखी खूश होऊन, "त्याच्याकडं कोन गिऱ्हाईक आलेला, त्यानं सांगितला चेन पितळेची टाका, निळा लावा. चांगला मानूस होता."

धोंडा घशात अडकला. पाणी प्यायलो. सु. ने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. निळ्या रंगाचं मी तिला गुरुवारीच सांगितलं होतं.

रिक्षात ती हसायला लागली. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण हसलो. मग बेलवली आल्यावर मला रडू आलं. म्हटलं, बॅगेसाठी नाही, त्यांच्या प्रेमासाठी. ती म्हणाली, "बॅगेसाठीच." हो, बॅगेसाठीच.

२५ मे, सोमवार
दाढी करताना एकदम राग आला. बाळूवर नाही. बाळूने योग्यच केलं, त्याच्या जागी मी असतो तर मीही जुनी वस्तू जावयाच्या हातात दिली नसती. राग त्या चांगल्या गिऱ्हाइकावर. शुभकार्य आहे म्हणे, निळं लावा.

सु. ने डब्यात अनारसे दिले. प्रॉडक्शनवाल्याला पण दिले. त्याची लॉट आज पास झाली.

२६ मे, मंगळवार
घनूशेठकडे गेलो, सॅक पाठीवर. त्याने सॅक बघितली, मला बघितलं, परत सॅक बघितली. "साईं... वो जमाई आप?" खुर्ची दिली. थंडा मागवला. पापड नाही आणला, म्हणजे किती मनाला लागलं असेल.

विचारलं, ते जुनं कातडं? वरचं, हळद लागलेलं? त्याला माहीत नाही. जुने पट्टे तुटके होते, ते गेले. पण तो तुकडा जाड होता, कारागिराने कुठेतरी ठेवला असेल, चांगलं कातडं कोण फेकतं. कारागीर ईदला गावी गेला. फोन लावला, लागला नाही. "आने दो. मिलेगा. मैं बोलता हूँ ना."

कमाल आहे. घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

३१ मे, रविवार
बाजाराला नवी सॅकच नेली. फणस, पाच किलो तांदूळ, बटाटे. खांद्याला त्रास नाही. स्पंज चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

दुपारी भिंग घेऊन बसलो. कॅनव्हास जाड, घट्ट विणीचा. तोंडाची दोरी जिथून जायची त्या कड्या जुन्याच, करड्या रंगाचा अंश शिल्लक. एका कोपऱ्यात मूळ शिलाईची भोकं, सारख्या अंतराची. माझ्या मनाचा कौल जर्मन. पण मनाचा कौल स्विस सॅकच्या वेळीही हाच होता.

बाळूचा फोन. "दाजी, वापरता ना?" फणसासकट फोटो पाठवला. संध्याकाळी बघतो तर त्याच्या स्टेटसला मी आणि फणस.

७ जून, रविवार
सापडलं!

कारागीर परतला. साधा, हसरा माणूस. विचारल्याबरोबर म्हणाला, "वो चमड़ा? कहीं गया नहीं. इसी में है." आणि माझ्या पाठीवरून सॅक उतरवून पाठीचा भाग थोपटला. दोन रेक्झिनच्या मध्ये, शिवून टाकलेलं. दाबून बघितलं तर खरंच, मधोमध तळहाताएवढी कडक जागा. चार वेळा बाजार केला मी ते पाठीवर घेऊन, आणि मला वाटत होतं पुठ्ठा घातला आहे.

तो म्हणाला, वरची शिलाई उसवून काढून देतो, बघा, परत तशीच शिवून देतो, भोकंसुद्धा तीच. कोणाला कळणार नाही. आत्ता म्हणाल तर आत्ता.

आत्ताच म्हणणार होतो. पण त्याच्याकडे शाळेच्या दप्तरांची रास पडलेली, घनूशेठ हाका मारतोय. आणि खरं म्हणजे भिंग घरी होतं. पुढच्या रविवारी सकाळी पहिलं काम तुमचं, म्हणाला. ठरलं. आठवडाभर थांबेन, एवढी वर्षं थांबलो.

सु. ला सांगितलं. "घ्या उसवून," म्हणाली. "बाळूला काय कळतंय. आणि एकदाचं ते तिकीट लावा, म्हणजे घरात शांतता."

१० जून, बुधवार
मलमल, तेल, भिंग, बॅटरी पिशवीत भरून तयार. कंपनीतून येताना कोरी तिकिटं आणली, हिरवी. लालही एक आणलं, प्रामाणिकपणा म्हणून. पिवळं घ्यायचं डोक्यातच आलं नाही.

१३ जून, शनिवार
बाळू आला, अचानक. शेवटचे आंबे आणि सासूबाईंनी केलेल्या आंबोशीचा डबा. चहा घेता घेता खुंटीवरची सॅक काढली, उलटीपालटी केली, चेन दोनदा मागेपुढे केली. मग पाठीचा भाग दाबून बघितला आणि म्हणाला, "हाय ना बरोबर जाग्यावर?"

मी विचारलं, काय?

"आबांचा कातडा. तुमाला सांगायचाच राहिला. कारागीर बोल्ला हा काढतो, नवा लावतो. मी बोल्लो, काढ, पन फेकायचा नाय. हळदकुंकवाचा हाय. माझ्या बापानं पुजला, आज्यानं पुजला, तो कचऱ्यात कसा टाकू? तो बोल्ला, मग बुडाला टाकतो, मजबूत होईल. मी बोल्लो, बुडाला नाय, जमिनीला लागंल. पाठीला टाक. दाजी पावसापान्यात कामाला जातात, तिकडं पूर येतो, आबा पाठीला असले म्हंजे बरा."

सु. स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती पण ऐकत होती.

बाळूने चहा संपवला, म्हणाला, राब भाजून झालाय, पेरणीला जायला पायजे. आणि दसऱ्याला या वर्षी कंपनीत नाही, गावाला यायचं. सॅक घेऊन. "थैला पूजेला लागतोच. आता तुमाला पन यावा लागंल त्याच्यासंगती." मी हो म्हणालो. सु. ने त्याला डबा परत दिला, रिकामा देत नाहीत म्हणून त्यात साखर घालून.

तो गेल्यावर सु. ने कपबशा उचलल्या. मग ती म्हणाली, "उद्या किती वाजता जायचंय कॅम्पात?"

१४ जून, रविवार
उद्या अधिक महिना संपतोय.

सकाळी पिशवी घेऊन निघालो, सॅक पाठीवर. कारागिराने माझी वाट बघत इतर दप्तरं बाजूला केली होती. ब्लेड काढलं. सॅक टेबलावर पालथी घातली. "कहाँ से खोलूँ, ऊपर से?"

मी म्हणालो, एक मिनिट.

तळहात ठेवला त्या कडक जागेवर. रेक्झिनवरून अक्षरं लागत नाहीत, मी दाबून बघितलं. कारागीर ब्लेड धरून उभा. घनूशेठ पण येऊन उभा राहिला. म्हणाला, "साईं, आपका तो सपना था."

म्हटलं, आज राहू द्या. दसरा होऊन जाऊ दे. घनूशेठने माझ्याकडे बघितलं आणि पापड मागवला.

घरी सु. ने दार उघडलं. काय निघालं, विचारलंच नाही, सॅक बघूनच कळलं तिला. म्हणाली, "मग माळ्यावर?" मी म्हटलं, ही रोजची. माळ्यावर बाकीच्यांतल्या दोन काढून टाकतो, तांदूळ बसेल. ती स्टुलावर चढून बघायला गेली, मी खरंच बोलतोय का ते.

स्विसची काढवेना. तिचं लाल तिकीट मात्र काढलं. नवीला कुठलं लावायचं? हिरवं हातात घेतलं, परत ठेवलं. उद्या कंपनीतून पिवळं आणतो.

आत्ता लिहिताना ती खुर्चीच्या पाठीला अडकवली आहे. मागे रेललो की बरोबर मधोमध लागतं. कुठलं गाव असेल, कुठलं साल... जर्मन नसलीच तर... दसऱ्यानंतर बघू.